काचबिंदूच्या चित्रातला काळा रंग

डोळ्यांच्या आजारांविषयी लोकांना कळावं म्हणून चित्रं काढणं हे माझं काम. दवाखान्याच्या भिंती, तपासणी शिबिरं, प्रदर्शनं, जिथं लोक थांबतील तिथं ती लागतात. मोतीबिंदूचं चित्र काढणं त्यातल्या त्यात सोपं. नजर धुरकट होते, रंग पिवळट पडतात आणि ते रंगानंच सांगता येतं. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेला १९१२ मध्ये मोतीबिंदूचं निदान झालं, शस्त्रक्रिया झाली १९२३ मध्ये. मधल्या वर्षांतल्या त्याच्या काही चित्रांत बागेतला हिरवा-निळा हटून तांबडा-तपकिरी पसरलेला दिसतो. दृष्टिपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, मध्यभाग बिघडला की सरळ रेषा वाकड्या दिसतात, तेही कागदावर येतं. काम अडतं ते काचबिंदूपाशी.

काचबिंदूचं ठरलेलं चित्र बहुतेकांनी पाहिलेलं असेल: मध्ये उजेडाचा गोल आणि भोवती काळाकुट्ट अंधार. मला ते फार दिवस खटकत होतं. म्हणून या वेळी मी दोन चित्रं केली. एक ते नेहमीचं. दुसऱ्यात एकच रस्ता शेजारी शेजारी दोनदा रंगवला. डावीकडच्या रस्त्यावर कडेनं सायकलवर येणारा मुलगा आहे, उजवीकडे तो नाही. त्याच्या जागी काळा डागही नाही. पदपथाची कड तशीच पुढे ओढली, डांबराचा करडा रंग भरला, झाडाची सावलीही न तुटता पलीकडे नेली. नीट जुळवल्याशिवाय कळूच नये इतकं ते सलग केलं. मग दोन्ही चित्रं घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांच्या काही पेशंटना ती दाखवायची होती.

तिथं एक मावशी भेटल्या. आयुष्यभर शिवणकाम केलेलं, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, तोही बराच पुढं गेलेला. सोबत लेक होती. मी पहिलं चित्र समोर धरलं आणि विचारलं, "मावशी, तुम्हाला असं दिसतं का?"

त्यांनी मान हळूहळू फिरवत चित्र तुकड्यातुकड्यानं पाहिलं.

"एवढं काळं? छे! एवढं काळं दिसलं असतं तर त्याच दिवशी धावत आले नसते का डॉक्टरांकडे?"

मी गप्पच झालो. जे मला इतके दिवस खटकत होतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. अंधाराचं चित्र पाहिलेला माणूस अंधाराची वाट पाहतो. त्याला वाटतं, आपल्याला कुठं काळं दिसतंय, म्हणजे आपण ठीक आहोत. आणि काचबिंदूत एकदा गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूसारखी ती शस्त्रक्रियेनं मिळवता येत नाही, उपचारांनी फक्त उरलेली राखता येते.

काळा न दिसण्याचं कारण मेंदूत आहे. डोळ्याकडून मेंदूकडे खबर नेणाऱ्या दृष्टी-मज्जातंतूत दहा-बारा लाख तंतू असतात. काचबिंदूत ते हळूहळू मरत जातात, आणि जिथून खबर येईनाशी होते ती जागा मेंदू आजूबाजूचं पाहून भरून काढतो. निरोगी डोळ्यातही हे रोज घडतं. कागदावर एक फुली काढा, तिच्या उजवीकडे आठेक सेंटीमीटरवर ठिपका काढा. डावा डोळा झाका, उजव्यानं फुलीकडेच पाहत कागद हळूहळू जवळ आणा. साधारण वीतभर अंतर उरण्याच्या थोडं आधी ठिपका नाहीसा होतो आणि तिथं दिसतो नुसता पांढरा कागद. त्या दिवशी बाकांवर बसलेल्यांकडून मी हे करून घेतलं, तर एका आजोबांनी ठिपका खरंच पुसला गेला की काय म्हणून कागद उलटून पाहिला.

डॉक्टरांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासाचं सांगितलं. काचबिंदूच्या ५० रुग्णांना वेगवेगळी चित्रं दाखवली होती. काळ्या बोगद्याचं चित्र एकानंही निवडलं नाही. निम्म्याहून जास्त जण म्हणाले, काही भाग अंधूक दिसतो, आणि सुमारे चौथ्या हिश्शाला तर काही कमी झाल्याचं जाणवतच नव्हतं. दृष्टिक्षेत्र तपासणीच्या, म्हणजे नजर कडेकडेनं कुठवर पोचते ते पाहणाऱ्या तपासणीच्या, छापील अहवालात मात्र गेलेला भाग काळा छापलेला असतो. माझा अंदाज, चित्रांत काळा आला तो तिथूनच.

लेक हे सगळं ऐकत होती. "आई सुईत दोरा ओवते हो अजून," ती म्हणाली, "आणि दाराच्या चौकटीला आपटते. आम्ही तिला धांदरट म्हणायचो." मधली नजर शेवटपर्यंत टिकते म्हणून सुई दिसते, चौकट दिसत नाही. डॉक्टर तिला हे समजावत होते तेव्हा तिचा हात आईच्या खांद्यावरून हलला नाही. रक्ताच्या नात्यात धोका जास्त, त्यामुळे तिचीही तपासणी करायचं ठरलं. नुसता डोळ्याचा दाब मोजून भागत नाही, तो ठीक असूनही काचबिंदू होतो. मज्जातंतू पाहावा लागतो, दृष्टिक्षेत्रही तपासावं लागतं.

मग दुसरं चित्र दाखवलं. मावशींना दोन्ही रस्ते पाहायला बराच वेळ लागला.

"हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण अर्धंच. पोरगं असं नाहीसं होऊन राहत नाही ना. एकदम पुढ्यात उगवतं. भीती त्याची वाटते."

आता त्या दोन रस्त्यांशेजारी तिसरा रस्ता रंगवतो आहे. त्यात सायकलचं पुढचं चाक चित्राच्या अगदी तळाशी, पाहणाऱ्याच्या पायाशी आलं आहे. ते पुरेसं जवळ आलंय का, हे मावशींना विचारल्याशिवाय चित्र भिंतीवर जाणार नाही.