पहिल्या पानावर आपला कापूस

आज पारावर एकच पेपर हातोहात फिरत होता. विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागातली पोरं सरावासाठी काढतात तो चार पानी अंक. आमच्या गल्लीतली पोरगी तिथे एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिची बातमी पहिल्या पानावर, तीही नावानिशी!

विषय कापसातल्या ओलाव्याचा. सीसीआय, म्हणजे हमीभावानं कापूस घेणारं सरकारी महामंडळ, 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव देते, 12 टक्क्यांपर्यंत कपात करून घेते, त्याच्यावर गेला की गाडी परत. हे आपल्याला तोंडपाठ. पण सकाळी दव असताना वेचलेल्या अन् दुपारी उन्हात वेचलेल्या कापसात किती फरक पडतो, हे तिनं शेतात जाऊन, मीटर लावून पाहिलं. वेचणाऱ्या बायांनाही विचारलं, जे सहसा कोणी विचारत नाही. मोठ्या पेपरांच्या वार्ताहरांना एवढी सवड कुठली, जाहिरातीही त्यांनाच गोळा कराव्या लागतात बिचाऱ्यांना.

पत्रकार पी. साईनाथ यांनी विदर्भातल्या शेतकऱ्यांवर लिहिलं तेव्हा दिल्लीला ऐकू गेलं. आता लिहिणारी आमच्याच गल्लीतली आहे.

विभागातले दोघं प्राध्यापकीसाठी लागणारी नेट परीक्षा पास झाले, एक जण आकाशवाणीवर लागला, अशाही बातम्या आत आहेत. त्यांचंही अभिनंदन.

तिचे बाबा मात्र म्हणाले, "थे सगळं ठीक हाय, पण नोकरी कवा लागते इले?"

पोरगी म्हणे, "बाबा, आधी तुमचा कापूस वाळवा."

अंक कोणाला पाहिजे असेल तर कमेंटमध्ये सांगा, पीडीएफ पाठवतो.