अभ्यासिकेच्या कॉम्प्युटरवर कोणतं सर्च इंजिन ठेवावं?

नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या अभ्यासिकेत चार कॉम्प्युटर आहेत. सकाळी शटर वर गेलं की त्यांच्यापुढे नंबर लागतात. एमपीएससीची मुलं, पोलीस भरतीची, नेट-सेटची, आणि मधूनच कुणाचे तरी वडील, कोर्टाच्या नाहीतर मेडिकलच्या कामाला गावाहून आलेले. "मॅडम, गूगलवर तर काही भेटूनच नाही राहिलं," हे वाक्य मी जवळपास रोज ऐकते. मी ग्रंथपाल आहे. हवं ते पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे सांगणं माझं काम, तसंच शोध कुठे आणि कसा घ्यायचा हे सांगणंही माझंच काम, असं मी मानते. म्हणून बरेच दिवस एकच प्रश्न वेगवेगळ्या सर्च इंजिनांना विचारून पाहते आहे. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते.

सगळ्यात आधी एक गोष्ट. नावं भरपूर असली तरी मूळ सूच्या मोजक्याच आहेत. आपण शोधपट्टीत काही टाकतो तेव्हा इंजिन त्या क्षणी अख्खं इंटरनेट धुंडाळत नाही. त्याने आधीच पानं वाचून एक भलीमोठी सूची करून ठेवलेली असते, आमच्या जुन्या कार्ड-कॅटलॉगसारखी, आणि उत्तर त्या सूचीतून येतं. गूगलची सूची स्वतःची. मायक्रोसॉफ्टचं बिंग २००९ मध्ये आलं, त्याचीही स्वतःची. याहू एके काळी स्वतःची यादी बाळगायचं, आता ते बिंगकडून निकाल घेतं. २००८ मध्ये सुरू झालेलं डकडकगो आपल्या खासगीपणाची काळजी घेतं, पण त्याचे निकालही मुख्यतः बिंगचेच. ब्रेव्ह सर्च २०२१ मध्ये आलं आणि त्याने मात्र स्वतःची सूची उभी केली. त्यामुळे बिंगवर सापडलं नाही म्हणून याहूवर जाणं म्हणजे त्याच कॅटलॉगचा तोच खण पुन्हा उघडणं. दुसरं मत हवं असेल तर सूचीच दुसरी असली पाहिजे, म्हणजे गूगल, बिंगच्या घरातलं कुणीतरी एक, आणि ब्रेव्ह.

आता मराठीचं. माझ्या दृष्टीने खरा कस इथेच लागतो.

आमच्याकडे भरतीचा अभ्यास करणाऱ्या एका मुलाचे वडील काटोलकडचे, संत्र्याची बाग असलेले. मुलाला डबा द्यायला आले होते. "मॅडम, झाडाच्या खोडातून डिंक गळून राहिला. तुमच्या मशीनमध्ये काही औषध दिसते का पाहा ना," म्हणाले. मुलाने 'संत्रा झाड डिंक रोग उपचार' असं टाकलं. वरचे निकाल 'प्रायोजित', म्हणजे औषध विकणाऱ्यांच्या जाहिराती. त्याखाली हिंदी पानं. रोग, उपचार हे शब्द हिंदीतही असेच लिहितात, लिपीही तीच, मग इंजिनाने मराठी ओळखावी कशावरून? मी त्याला दोन गोष्टी करायला सांगितल्या. कृषीच्या पुस्तकांत या रोगाला 'डिंक्या' म्हणतात, तो शब्द घाल. आणि शेवटी वजाचं चिन्ह लावून 'में' आणि वजाचं चिन्ह लावून 'है' लिही, चिन्ह आणि शब्द यांच्यामध्ये जागा न सोडता. वजा लावलेला शब्द ज्या पानावर आहे ते पान इंजिन गाळतं. हिंदी पान 'में' आणि 'है' शिवाय लिहिलंच जात नाही, त्यामुळे बहुतेक हिंदी पानं बाजूला झाली आणि मराठी कृषी लेख वर आले. उलटही करता येतं. 'आहे', 'आणि', 'साठी' असे अस्सल मराठी शब्द मुद्दाम प्रश्नात घातले तरी फरक पडतो.

हाच प्रश्न आम्ही तिन्ही सूच्यांवर लावून पाहिला. मराठीच्या प्रत्ययांशी जुळवून घेण्यात मला गूगल पुढे वाटलं. 'संत्र्यावरील' टाकलं तरी ते 'संत्रा' आणि 'संत्री' असलेली पानं आणतं. बाकीच्यांचा कल शब्द जसा टाकला तसाच शोधण्याकडे दिसला. तिथे प्रत्यय काढून मूळ शब्द द्यावा, आणि शक्य असेल तर दोन रूपं द्यावीत. ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच. 'नागपूर' आणि 'नागपुर' दोन्ही टाकून पाहायला अर्धा मिनिट लागतो. 'ॲप' मधला 'ॲ' तर दोन प्रकारे टाइप होतो. डोळ्यांना अक्षर एकच दिसतं, मशीनला दोन वेगळी.

काकांच्या प्रश्नात आणखी एक गोष्ट घडली, तिने मला फार अस्वस्थ केलं. हल्ली निकालांच्या वर एक तयार उत्तर येतं, एआयने लिहिलेलं. एका इंजिनाच्या तयार उत्तरात बोर्डो मलम आणि बोर्डो मिश्रण यांची सरमिसळ झालेली होती. डिंक्या हा फायटोफ्थोरा बुरशीमुळे होतो, पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत जास्त. त्यावर खोडाला बोर्डो मलम लावतात. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी. एक टक्क्याच्या फवारणीच्या मिश्रणात मोरचूद-चुना तेवढाच, पाणी मात्र शंभर लिटर. मलमाच्या नावाखाली शंभर लिटरचं प्रमाण वाचून कुणी खोडाला लावलं तर ते पाण्यासारखं ओघळून जाईल आणि झाड हातचं जाईल. ज्याने वर्षभर बाग जपली त्याला असं अर्धवट उत्तर मिळणं मला चालत नाही. म्हणून मुलांना माझं एकच सांगणं असतं, तयार उत्तर वाचा, पण त्याखालचं पान उघडल्याशिवाय वहीत उतरवू नका. काकांना मी पानाची प्रिंट दिली आणि म्हटलं, केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था इथे नागपुरातच आहे, अमरावती रोडवर. खोडाचे फोटो घेऊन तिथेच जा.

कधी कधी दोष इंजिनाचा नसतोच. जुन्या मराठी पीडीएफ का सापडत नाहीत हे मुलांना दाखवायला मी एक साधी परीक्षा घेते. फाइल उघडायची, स्क्रीनवर स्वच्छ मराठी दिसतं. त्यातली एक ओळ कॉपी करून शोधपट्टीत पेस्ट करायची. फाइल कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा युनिकोडच्या (आज सगळ्या मशीनवर चालणाऱ्या एकसारख्या अक्षर-संकेतांच्या) आधीच्या फॉन्टात असेल तर पट्टीत रोमन अक्षरं, कंस आणि चिन्हं असं काहीतरी भलतंच उमटतं. त्या फॉन्टांनी मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवले होते. आपल्याला आकार दिसतो, इंजिन जागा वाचतं. त्याच्या लेखी त्या फाइलमध्ये मराठीचा एक शब्दही नाही. स्कॅन केलेल्या कागदाचं तर त्याहून वाईट, तिथे बहुधा नुसतं चित्रच असतं. अशा फाइलपर्यंत जायचं तर तिच्या आजूबाजूचं शोधावं लागतं, म्हणजे विभागाचं इंग्रजी नाव, साल, किंवा जिथून तिचा दुवा दिलेला असेल ते पान. विदर्भाबद्दलचं कितीतरी चांगलं लिखाण असं डोळ्यांसमोर असून हरवलेलं आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

काही गोष्टी मुळात सर्च इंजिनात शोधूच नयेत. शासन निर्णय हवा असेल तर सरळ महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर जावं. तिथे विभाग, तारीख आणि संकेतांक टाकून शोधता येतं. सातबाऱ्यासाठी शासनाचंच महाभूलेख हे संकेतस्थळ. नुसतं 'सातबारा' टाकलं की खऱ्यासारखी दिसणारी खासगी पानं मध्ये येतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट इन' आहे का ते बघायची सवय मी सगळ्यांना लावते. संकेतस्थळाचा स्वतःचा शोध नीट चालत नसेल तर 'साइट' हा शब्द इंग्रजीत, त्याला चिकटून कोलन आणि त्याला चिकटून पत्ता टाकायचा. मग इंजिन तेवढ्याच ठिकाणी शोधतं.

आता आमच्या मशीनचा निर्णय. हे कॉम्प्युटर सगळ्यांचे आहेत. एखादी मुलगी पाळीच्या त्रासाबद्दल शोधते, एखादा मुलगा रात्रीची झोप उडाल्याबद्दल. नंतर बसणाऱ्याने पट्टीत एक अक्षर टाकलं की आधीचे शोध खाली उलगडतात. शिवाय कुणाचं तरी खातं उघडं राहिलेलं असतं आणि पुढच्याचे शोधही त्याच्याच नावावर जमा होत जातात. हे मला अजिबात मान्य नाही. वाचकाने कोणतं पुस्तक नेलं हे ग्रंथपाल चारचौघांत सांगत नाही, तोच नियम इथेही हवा. म्हणून फायरफॉक्स हा ब्राउझर बंद होताच सगळा इतिहास पुसला जाईल अशी सेटिंग केली आणि पहिलं इंजिन डकडकगो ठेवलं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने शेजारच्यापासून आडोसा मिळतो, दुसरीने इंजिनापासून. डकडकगो शोधांचा इतिहास माणसागणिक साठवत नाही, जाहिरात दाखवतं ती टाकलेल्या शब्दावरून. त्याची आणखी एक सोय मुलांना फार आवडली. प्रश्नाच्या आधी उद्गारचिन्ह आणि इंग्रजी 'जी' टाकलं की तोच प्रश्न थेट गूगलवर जातो. मराठी शोध, गावाचा रस्ता, दुकान किती वाजता उघडतं, यासाठी आम्ही तेच करतो. इंग्रजीतला अभ्यासाचा शोध पहिल्यांदा डकडकगोवर, आणि डकडकगो-गूगल दोन्हीकडे तीच ती पानं येऊ लागली की ब्रेव्हवर.

इंजिन बदलायला काही पैसे पडत नाहीत, तरी कुणी बदलत नाही, आणि कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. अमेरिकेतल्या खटल्यात ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने शोधातली मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निकाल दिला. त्यात पुढे आलं की फोन आणि ब्राउझरवर आधीपासून बसवलेलं इंजिन आपलं असावं यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरपेक्षा जास्त मोजले होते. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १३३७.७६ कोटींचा दंड लावला, आणि जानेवारी २०२३ मध्ये गूगलने जाहीर केलं की भारतात नवा अँड्रॉइड फोन सुरू करताना सर्च इंजिन निवडता येईल. नवा फोन घेतलात तर ती यादी घाईघाईत पुढे ढकलू नका. जुन्या फोनवरही ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'शोध इंजिन' सापडतं.

एक मागणं मात्र माझं मराठीत लिहिणाऱ्या सगळ्यांकडे आहे. पानाची किंमत ठरवताना त्याला कोणकोण दुवे देतं हे इंजिन बघतं. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल उभं केलं ते याच कल्पनेवर. आपण मात्र चांगली माहिती सापडली की तिचा स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर फिरवतो. त्याने मूळ पानाला कसलाच आधार मिळत नाही. दुवा द्या, आणि मराठी शीर्षकासकट द्या. आमच्या अभ्यासिकेच्या पानावर मी अशी यादी सुरू केली आहे. या आठवड्यात संत्रा-मोसंबीची पानं त्यात घातली. पुढचा नंबर जुन्या फॉन्टातल्या पीडीएफचा. त्यांची शीर्षकं आणि दोन-दोन ओळींची ओळख युनिकोडमध्ये टाइप करायला आमची दोन मुलं तयार झाली आहेत, रविवारपासून बसतो आहोत.