कोल्ड स्टोअरेजमधला धूर नसलेला अलार्म

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतलं बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज. फायर अलार्म एका बहुराष्ट्रीय कंपनीचा, ॲड्रेसेबल लूपवरचा, म्हणजे एकाच वायरीवर सगळे डिटेक्टर आणि प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक (ॲड्रेस). तक्रार एकच: पहाटे हूटर वाजतो, धूर कुठेच नसतो. मी पोचलो तेव्हा हूटरची वायर काढून ठेवलेली होती, आणि पॅनेलवर एका चेंबरचे (थंड खोलीचे) तीन डिटेक्टर डिसेबल दाखवत होते. "साहेब, पाऊस लागला की हे असंच बोंबलतंय," सुपरवायझर म्हणाले. आत पफ (पॉलियुरेथेन फोम) पॅनेलच्या भिंती. पफ पेटला की काळा, विषारी धूर झपाट्याने भरतो. तिथे डिटेक्टर बंद ठेवणं मला अजिबात पटत नाही.

डिटेक्टर बदलायची घाई न करता आधी पॅनेलची इव्हेंट हिस्टरी काढली. तिच्यात प्रत्येक ॲड्रेसचं ॲनालॉग रीडिंग मिळतं आणि बरंचसं निदान तिथेच होतं. धूळ बसली असेल तर रीडिंग महिनोन्‌महिने हळूहळू चढतं. खरा धूर असेल तर ते चढून टिकतं, शेजारचे डिटेक्टरही चढू लागतात. इथे तिन्ही ॲड्रेसचं रीडिंग काही मिनिटांत उसळून खाली येत होतं, म्हणजे ओलावा. ऑप्टिकल डिटेक्टरच्या आतल्या छोट्या पोकळीत प्रकाश विखुरला की अलार्म होतो. तो धुराच्या कणांनी विखुरला की पाण्याच्या, हे त्याला कळत नाही.

पण ओलावा येतो कुठून? पहिला संशय दारावर, दुसरा डिफ्रॉस्टच्या (कॉइलवरचा बर्फ वितळवण्याच्या) वाफेवर. मात्र दाराजवळचा आणि इव्हॅपोरेटरसमोरचा (थंडावा देणाऱ्या कॉइलसमोरचा) डिटेक्टर शांत होता. बोंबलणारे तिन्ही होते कंड्युइट (वायरींचा पाइप) भिंतीतून आत शिरते त्या बाजूला.

वेळा जुळवल्यावर उलगडा झाला. डिफ्रॉस्ट संपून कॉम्प्रेसर पुन्हा चालू झाला की थोड्याच वेळात अलार्म. चेंबरमधली हवा थंड होऊन आकसते आणि जिथे भोक मिळेल तिथून बाहेरची हवा ओढते. पावसाळ्यात बाहेर २४ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २२ अंशांच्या आसपास जातो, आत तर जेमतेम ४ अंश, म्हणजे ओढलेल्या हवेतल्या बाष्पाचं आत पाणी होणारच. पाइपच्या बाहेरून फोम नीट भरला होता, पाइपच्या आत मात्र वायरींभोवती मोकळी पोकळी. पहिल्या डिटेक्टरचा बेस उतरवला तर टर्मिनलवर थेंब, स्क्रूवर हिरवट गंज, आणि एक थेंब वायरीवरून सरळ खाली ओघळत होता.

मेंटेनन्सवाल्यांनी सेन्सिटिव्हिटी कमी करायला सुचवलं. त्याने हूटर गप्प होईल, पण खऱ्या धुराची खबरही उशिरा मिळेल.

गंजलेले बेस आणि ते तीन डिटेक्टर बदलले. भिंतीबाहेरच्या, म्हणजे गरम बाजूच्या जंक्शन बॉक्समध्ये वायरी सुट्या करून पाइपच्या तोंडात, प्रत्येक वायरीभोवती, डक्ट सीलची (कायम मऊ राहणारी) पुट्टी दाबून भरली. इथे स्प्रे फोम वापरू नये. तो कडक होतो आणि पुढे वायर ओढता येत नाही. बेसच्या आधी वायरीला खाली झुकता वळसा दिला, म्हणजे उरलासुरला थेंब तिथूनच गळतो.

मग हूटरची वायर जोडली, तिन्ही डिटेक्टर एनेबल केले आणि टेस्ट स्प्रेने त्या चेंबरचा प्रत्येक डिटेक्टर वाजवून पाहिला. दोन डिफ्रॉस्ट उलटेपर्यंत थांबलो, रीडिंग सपाट राहिलं. बाकीच्या चेंबरच्या पाइपांची तोंडंही तशीच उघडी निघाली. तिथे अलार्म झाला नव्हता, तरी पुट्टी लगेच भरायला सांगितली.