'डी'त टाकलं की झालं

ऑटोमॅटिक गाडी घेतली म्हटलं की जो तो एकच गोष्ट सांगतो, "सोपं आहे हो, 'डी'त टाकलं की झालं." सांगणाऱ्याचं चुकत नाही. 'डी'त, म्हणजे 'ड्राइव्ह'मध्ये टाकलं की गाडी खरोखरच चालते. प्रश्न उरतो तो डाव्या पायाचा. इतकी वर्षं इमानेइतबारे क्लच दाबून तयार झालेला पाय तो, त्याला कुणी काही कळवलेलंच नसतं. आडवी गाय आली (आणि पावसाळ्यात गोव्याच्या रस्त्यावर ती येतेच, ओल्या गवतापेक्षा तिला कोरडं डांबर बरं वाटतं) की तो सवयीने पुढे सरसावतो. क्लच तर नाही, पण ब्रेकचं पेडल चांगलं ऐसपैस असतं आणि त्याची डावी कड नेमकी तिथेच येते. क्लच आपण तळापर्यंत दाबतो. त्याच जोराने ब्रेक दाबला, तर मागच्या सीटवरचे नारळ पुढच्या सीटवर येतात. म्हणून डावा पाय लांब करून बाजूच्या फूटरेस्टवर टाच रोवायची आणि घर येईपर्यंत त्याचं नाव काढायचं नाही. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने. एवढं जमलं की निम्मी ऑटोमॅटिक आली.

उरलेल्या निम्मीला मात्र वेळ लागतो. तीच गोष्ट सांगायची आहे.

आमची गाडी म्हणजे सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय. हे मॉडेल भारतात 2013 मध्ये आलं आणि 2022 मध्ये पोलोचं इथलं उत्पादनच थांबलं, त्यामुळे आता कुणाची तरी वापरलेलीच घ्यावी लागते. आकार छोटा, 1.2 लिटरचं इंजिन, पण टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, लावलेला. 105 पीएस (म्हणजे घोडेच) ताकद आणि 175 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, तोही 1500 आरपीएमलाच (इंजिनाच्या मिनिटाला 1500 फेऱ्यांनाच) हजर. त्याआधी घरात होती मारुती 800. इंजिन 796 सीसी, घोडे 37, गिअर चार. त्या गाडीत एक सुख होतं. तुमच्या मनात काय आहे याची ती फारशी दखल घेत नसे. पाय दाबा, दाबू नका, फोंड्याजवळच्या फर्मागुडीचा चढ ती तिच्या मनाने चढायची. नवी गाडी मनातलं ओळखते आणि लगेच करून मोकळी होते. अशा हुशार माणसांबरोबर राहणं कठीण असतं, हे घरोघरी ठाऊक आहे.

आणखी एक गंमत. या युरोपियन गाड्यांचा इंडिकेटर डावीकडे असतो, वायपर उजवीकडे. मारुतीत बरोबर उलटं. त्यामुळे मारुतीतून अशा गाडीत आलेला माणूस बांदोड्याच्या फाट्यावर ऐन मे महिन्याच्या उन्हात काच पुसत पुसत वळताना दिसला, तर हसू नये. गिअरचं काम गेलेल्या डाव्या हाताला निदान हे तरी नवं काम मिळतं.

गिअरबॉक्सबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ऑटोमॅटिक म्हणजे सगळी एकच असा पुष्कळांचा समज आहे. स्वस्तातली एएमटी असते, तिच्यात नेहमीचाच गिअरबॉक्स आणि नेहमीचाच एक क्लच, फक्त आपला हातपाय सोडून एक यंत्र तो चालवतं. म्हणून गिअर बदलताना गाडी मान डोलावते. सीव्हीटीत गिअरच नाहीत, दोन पुल्या आणि पट्टा. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या जुन्या जातीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये तेल फिरतं. आमच्या गाडीत आहे ड्युअल क्लच. सात गिअर आणि दोन क्लच. एक, तीन, पाच, सात एका क्लचकडे. दोन, चार, सहा आणि रिव्हर्स दुसऱ्याकडे. म्हाळशीच्या देवळात पंगत बसली की एक वाढपी भात वाढत पुढे जातो आणि दुसरा वरणाची बादली घेऊन त्याच्या मागे तयारच असतो ना, तसंच. तिसरा गिअर चालू असतानाच चौथा आत बसून राहिलेला असतो. पहिल्या क्लचने हात सोडायचा आणि दुसऱ्याने धरायचा, एवढंच काम. पानावरचा भात संपलेला आपल्याला कळतसुद्धा नाही.

हे सगळं ऐकून आमच्या शेजाऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. ते कदंब महामंडळात ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या बसगाड्या त्यांनी अनमोड घाटातून चढवल्या-उतरवल्या आहेत. गाडीला प्रदक्षिणा घातली, टायर दाबून पाहिले आणि म्हणाले, "गियर घालचे पडनात? मागीर (मग) गाडी कोण चलयता?" मी हसलो. ते हसले नाहीत. जाता जाता आणखी एक टाकलं, "ओव्हरटेक गियरान करतात, पांयान न्हय."

हे वाक्य मला धारबांदोड्याच्या पुढे नीट कळलं.

बहीण बेळगावला दिलेली, त्यामुळे मोले-अनमोडचा रस्ता आमच्या पायाखालचा. सकाळी गोव्यात भाजी उतरवून बेळगावकडे परतणारे ट्रक या रस्त्यावर एकामागे एक असतात. रस्ता दोनपदरी, दोन्ही बाजूंना झाडी, सरळ तुकडा मिळतो तो लहानसा. आठशेने ट्रक ओलांडायचा म्हणजे एक कार्यक्रमच असे. चौथ्यातून तिसऱ्यात यायचं, इंजिनाचा आवाज चढू द्यायचा, ट्रकच्या उजव्या अंगाने थोडं डोकवायचं. हात गिअरच्या दांड्याकडे गेला की त्या एक-दीड सेकंदात डोकं आपलं काम करून घेत असे. पुढचं वळण किती लांब आहे, समोरून येणारा कुणी घाईत आहे का, ट्रकवाल्याने उजवा सिग्नल दिलाय तो 'जा' म्हणून, की तोच वळतोय म्हणून. निम्म्या वेळा तिसऱ्यात येऊन मी परत चौथ्यात जायचो. त्याचं काही वाटत नसे. ट्रकच्या मागे बसून मोल्याचं नाकं येईपर्यंत जायचं, एवढंच.

नव्या गाडीत हे सगळं गायब. उजवा पाय जरा खोल गेला की गिअरबॉक्स दोन-तीन गिअर उतरून येतो, टर्बो फुंकायला लागतो आणि ट्रक आरशात दिसतो. 'करू का?' हा प्रश्न मनात पुरता उमटायच्या आत 'केलं' हे उत्तर आलेलं असतं. मला त्या ताकदीचं भय वाटलं नाही. माझा तो दीड सेकंद कुठे गेला, याचं वाटलं. गिअरचा दांडा हा मी इतकी वर्षं लोखंडी दांडाच समजत होतो. माझा दुसरा विचार तिथे राहत होता, आणि गाडी बदलताना त्याला नवी जागा द्यायचं राहून गेलं.

ती जागा सापडली 'डी'च्या खालच्या 'एस'मध्ये. कंपनीच्या मते 'एस' म्हणजे स्पोर्ट, तरण्या पोरांनी सिग्नलवरून सुसाट सुटण्यासाठी. मी तो उलट कामाला लावला. ट्रक ओलांडायचा विचार आला की आधी दांडा मागे ओढायचा. गिअर एक-दोन पायऱ्या उतरतात, इंजिन गुरगुरतं, पण पाय जागचा हललेला नसतो, त्यामुळे गाडी ट्रकच्या मागेच असते. आता पाहा, मोजा, ठरवा. नको वाटलं तर दांडा पुढे ढकला, परत 'डी'. हातही दांड्याकडे जातो आणि दीड सेकंदही मिळतो. लोक म्हणतील, ऑटोमॅटिक घेऊन गिअर बदलत बसायचं तर घेतली कशाला? म्हणोत बापडे.

उतारावर तर याला पर्यायच नाही. अनमोडहून मोल्याकडे उतरताना 'डी' बिचारा पेट्रोल वाचवायच्या नादात वरचा गिअर टाकतो, गाडी मोकळी सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. दोन-चार वळणांनंतर ब्रेकचा जळका वास येणारी गाडी या घाटात कधीही दिसते. काळ्या पाटीवर पिवळे आकडे, म्हणजे भाड्याची, आणि आत चार उत्साही पोरं. दांडा बाजूच्या खाचेत (तिथे गिअर आपल्या हाताने बदलता येतात) घेऊन दुसरा-तिसरा गिअर धरून ठेवला की इंजिनच गाडीला आवरतं.

सपाटीवर मात्र 'डी'सारखं सुख नाही. रायबंदर ते पणजी हा पोंत द लिन्यारिशचा रस्ता घ्या. पोर्तुगीजांनी 1633-34 मध्ये बांधलेला, एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं, सरळ सुमारे तीन किलोमीटर. 105 घोड्यांना इथे काहीही काम नसतं. पुढे मासे घेऊन चाललेला टेम्पो, त्याच्या पुढे पायलटची, म्हणजे भाड्याने सवारी नेणाऱ्याची, मोटरसायकल, आणि आपण वरच्या गिअरात हजार-बाराशे आरपीएमवर बसलेलो. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर याच रस्त्याने घरी जायला मला आवडतं. कदंब पठारावरून रुंद रस्ता झालाय, तिथून पाच-दहा मिनिटं वाचतात. पण तिथे उजव्या पायाला उगाच काही सुचत राहतं.

गाडीची खरी परीक्षा पाहायची तर ती चोडणच्या फेरीवर. रायबंदरच्या धक्क्यावर उतार, पुढे फेरीबोटीचा लोखंडी रॅम्प, भरती-ओहोटीप्रमाणे रोज वेगळ्या कोनात, मागेपुढे स्कूटर. मॅन्युअल गाडीत इथे अर्ध्या क्लचवर जीव टांगलेला असे. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक हळूच सोडला की गाडी आपली आपण चालीच्या वेगाने सरकते. फेरीवरचा खलाशी हाताने बोलावत असतो, "यो, यो, यो... पुरो!" आणि त्याच्या 'पुरो'बरोबर गाडी थांबते. फक्त एक पथ्य. चढावर ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी तोलून धरायची नाही. वरून शांत दिसली तरी आत क्लच घसटत आणि तापत असतो. थांबायचं तर सरळ ब्रेकवर थांबायचं. पुन्हा निघताना हिल होल्ड दोनेक सेकंद गाडी धरून ठेवतो, तेवढ्यात पाय ॲक्सिलरेटरवर पोचतो.

पार्किंगचंही तसंच. आमचं घर उतारावर, गोव्यात कुणाचं नसतं? 'पी'त, म्हणजे 'पार्क'मध्ये टाकून पाय काढला की गाडीचं सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या दातेरी अडसरावर पडतं, आणि सकाळी 'पी'मधून दांडा काढताना खाडकन आवाज येतो. म्हणून ब्रेक दाबून 'एन' (न्यूट्रल), हँडब्रेक ओढायचा, पाय सैल करून गाडीला हँडब्रेकवर विसावू द्यायची, मग 'पी'. सवय झाली की हे हात आपोआप करतात.

हे सगळे सोपस्कार मी बायकोला पाठ करून सांगितले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि चावी घेऊन म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला निघून गेली. क्लचची गाडी तिने कधी हातात धरलीच नव्हती, पण काइनेटिक होंडापासून बिनगिअरची स्कूटर चालवते आहे. ती स्कूटर 1984 मध्ये आली, म्हणजे भारतातल्या कितीतरी बायका-पुरुषांनी मोटारीच्या आधी ऑटोमॅटिक चालवलेली आहे, फक्त तिला कुणी ऑटोमॅटिक म्हटलं नाही. तिच्या डाव्या पायाला विसरायचं असं काही नव्हतंच. परत आली ती मिरच्या, सोलं आणि केळ्यांचा घड घेऊन. मी विचारलं, "ट्रक वगैरे लागले?" म्हणाली, "लागले की. अहो, ते आपण होऊन बाजूला होतात, थोडं थांबावं लागतं." तिचा तो दीड सेकंद कुठे असतो हे मला अजून नीट उमगलेलं नाही. बहुधा तिच्याकडे तो मुळातच जास्त लांबीचा असावा.

शेवटी एका रविवारी शेजाऱ्यांना आग्रहाने स्टिअरिंगवर बसवलं. मंगेशीपर्यंत जाऊन यायचं ठरलं. आधी नुसतेच बसून राहिले, सगळी बटणं पाहून घेतली. मग 'डी'त टाकून कोपऱ्यापर्यंत गेले. फर्मागुडीचा चढ लागला तशी नजर दांड्याच्या बाजूच्या खाचेकडे गेली. अधिक आणि वजाच्या खुणा पाहिल्या, दांडा तिकडे सरकवला, आणि चेहरा एकदम खुलला. "गियर आसात मरे हांगा!" तिथून मंगेशीपर्यंत आणि मंगेशीहून परत, एकही गिअर त्यांनी गाडीला स्वतःच्या मनाने बदलू दिला नाही. प्रत्येक वळणाआधी एक खाली, वळण संपताना एक वर. चढावर पुढे एक पाण्याचा टँकर होता. त्याच्या मागे दोनदा गिअर उतरवून, दोनदा बेत रद्द करून, तिसऱ्यांदा सुरेख काढली गाडी. दाराशी उतरल्यावर गाडी कशी वाटली म्हणून विचारलं. बराच वेळ विचार करून म्हणाले, "बरी आसा. हॉर्न मात्सो (जरासा) ल्हान."