चौथ्या संघाचा शनिवार

एप्रिलच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या गावाचे शनिवार-रविवार क्रिकेटच्या वेळापत्रकाने बांधलेले असतात. गाव इंग्लंडच्या सरे परगण्यातले, वस्ती जेमतेम काही हजारांची. तरीही गावाच्या क्लबचे पुरुषांचे चार संघ आहेत, महिलांचा एक आहे आणि नऊ वर्षांखालील गटापासून पुढे मुलामुलींचे संघ आहेत. इंग्लंडचे क्रिकेट म्हटले की आपल्याला १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने ओव्हलवर मिळवलेला विजय किंवा लॉर्ड्सवरची दिलीप वेंगसरकरांची तीन शतके आठवतात. या देशात मात्र हा खेळ आधी खेड्यांत रुजला आणि मग शहरात गेला. हॅम्पशायरमधील हॅम्बल्डन या खेड्याच्या क्लबने १७७७ मध्ये इंग्लंडच्या संघाला डावाने हरवले होते, आणि लंडनचा मेरिलबोन क्रिकेट क्लब (एमसीसी) स्थापन झाला तो त्यानंतर दहा वर्षांनी. १९७२ पासून खेड्यांच्या क्लबांसाठी एक राष्ट्रीय स्पर्धा भरते, जिचा अंतिम सामना लॉर्ड्सवर होतो. पहिल्या वर्षी ती कॉर्नवॉलमधील ट्रून या गावाने जिंकली.

आमचा क्लब त्या उंचीचा नाही. त्याच्याविषयी लिहावेसे वाटते ते त्याच्या चौथ्या संघामुळे.

लीगचे सामने शनिवारी दुपारी होतात, पण शनिवारची तयारी सोमवारीच सुरू होते. कोण खेळू शकेल याची विचारणा व्हॉट्सॲपवर होते, आठवड्याच्या मध्यावर चारही कर्णधार बसून संघ निवडतात, आणि शुक्रवारी संध्याकाळी कुणाचा तरी स्नायू दुखावतो किंवा कुणाच्या घरी पाहुणे येतात. पहिल्या संघातील एक खेळाडू गळला की दुसऱ्या संघातून एक जण वर जातो, त्याच्या जागी तिसऱ्यातून आणि तिसऱ्यात चौथ्यातून. म्हणजे वर पडलेल्या प्रत्येक खड्ड्याची माती शेवटी चौथ्या संघातून काढली जाते. संघच उभा राहिला नाही तर सामना सोडून द्यावा लागतो आणि गुण जातात. त्यामुळे क्लबमधील सर्वांत अवघड काम कोणते असे कुणी विचारले, तर मी पहिल्या संघाच्या कर्णधाराचे नाव घेणार नाही. चौथ्या संघाचा कर्णधार शुक्रवारी रात्री दहा वाजता माणसे शोधत असतो आणि शनिवारी दुपारी त्याच माणसांना घेऊन हसतमुखाने नाणेफेकीला जातो.

बहुतेक वेळा पहिला आणि दुसरा संघ एकाच प्रतिस्पर्धी क्लबशी भिडतात, एक आपल्या मैदानावर आणि दुसरा त्यांच्या. तिसरा व चौथा संघ मात्र गावाबाहेरच्या दुसऱ्या मैदानावर खेळतात. तेथे पॅव्हिलियन म्हणजे एक लाकडी खोली असून धावफलकावरचे आकडे हाताने बदलावे लागतात आणि खेळपट्टीवर चेंडू कधी घोट्याइतका तर कधी छातीइतका उसळतो. पहिल्या संघाच्या सामन्याला लीगने नेमलेले पंच असतात. चौथ्या संघाच्या सामन्यात फलंदाजी करणाऱ्या संघातीलच दोघे आळीपाळीने पंच म्हणून उभे राहतात. स्वतःच्याच संघातील फलंदाजाला पायचीत द्यायचे आणि तासाभराने त्याच्याच शेजारी बसून चहा प्यायचा, ही व्यवस्था टिकते यावर माझा आधी विश्वास बसला नव्हता. जूनमधील एका सामन्यात आमच्या यष्टिरक्षकाने पंच म्हणून आपल्याच कर्णधाराला बाद ठरवले. गोलंदाजाचे अपील अर्धवटच होते, तरी याचे बोट वर गेले. कर्णधाराने एकवार खेळपट्टीकडे पाहिले, काही न बोलता तो परतला, पॅड सोडले, टोपी घातली आणि दहा मिनिटांनी पंचाचा पांढरा कोट घेऊन त्याच यष्टिरक्षकाला मोकळे करायला गेला, कारण पुढे फलंदाजीला त्याचीच पाळी होती.

याच संघात वयाची साठी ओलांडलेले फिरकी गोलंदाज आहेत आणि नुकतीच तेरावी पुरी केलेली मुलेही आहेत. मुलांनी प्रौढांच्या सामन्यात कधी उतरावे याविषयी इंग्लंड आणि वेल्स क्रिकेट मंडळाचे, म्हणजे ईसीबीचे, नियम स्पष्ट आहेत. वयाची अट आहे आणि पालकांची लेखी संमती लागते. अठरा वर्षांखालील प्रत्येकाला कडक चेंडूवर फलंदाजी करताना आणि यष्टींजवळ उभे राहून यष्टिरक्षण करताना हेल्मेट घालावे लागते. तेरा वर्षांखालील गटातील मुलाला क्षेत्ररक्षणासाठी मधल्या यष्टीपासून ११ यार्डांच्या आत आणि पंधरा वर्षांखालील गटातील मुलाला ८ यार्डांच्या आत उभे करता येत नाही. अपवाद फक्त ऑफ बाजूला यष्टींच्या मागील जागेचा. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांनी एका दमात आणि एका दिवसात किती षटके टाकावीत यावरही वयानुसार मर्यादा आहे, कारण वाढत्या वयात पाठीच्या कण्यावर येणारा ताण पुढे आयुष्यभर पुरतो. कितीही अटीतटीचा सामना असला तरी पंच ही षटके मोजतात, आणि मर्यादा संपली की कर्णधार त्या मुलाच्या हातातून चेंडू काढून घेतो.

जुलैमधील एका सामन्यात नवव्या क्रमांकावर आमच्या शेजारचा आठवीतला मुलगा फलंदाजीला आला तेव्हा जिंकायला चाळीसच्या आसपास धावा हव्या होत्या. दुसऱ्या टोकाला क्लबचे निवृत्त खजिनदार खेळत होते. त्यांच्या गुडघ्यांमुळे दोन धावा पळणे अशक्यच होते. प्रत्येक षटकानंतर ते मुलाजवळ जात, ग्लोव्हजला ग्लोव्हज लावत आणि दोन वाक्ये बोलून परतत. गोलंदाजाने मुलाकडे पाहून वेग थोडा कमी केला, तेव्हा मुलाने त्याला कव्हरमधून चौकार मारला आणि पुढचा चेंडू पूर्ण वेगाने आला. त्याला मिळालेला तो खरा मान होता. सामना आम्ही हरलो, पण ती जोडी बराच वेळ टिकली, आणि त्या तासाभरात मुलाने जे शिकले ते शिकवणारा कोचिंग क्लास मला आपल्याकडेही माहीत नाही आणि इथेही नाही.

रविवारची सकाळ लहानांची. पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ईसीबीने २०१७ मध्ये ऑल स्टार्स हा उपक्रम सुरू केला; त्यात मऊ चेंडू, प्लास्टिकची बॅट आणि खूप धावाधाव असते. त्यापुढच्या नऊ वर्षांखालील गटात सामने जोड्यांचे होतात. आठ खेळाडू, चार जोड्या. प्रत्येक जोडी ठरलेली षटके खेळते, मग ती कितीही वेळा बाद होवो. आमच्या लीगमध्ये संघाच्या खात्यावर सुरुवातीलाच २०० धावा असतात आणि प्रत्येक बळीमागे ५ वजा होतात. माझ्या मुलीच्या संघातील एक मुलगा पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाला. त्याने यष्टींवरून खाली पडलेली बेल, म्हणजे वरची छोटी लाकडी दांडी, स्वतः उचलली, जिभेचे टोक बाहेर काढून ती काळजीपूर्वक यष्टींवर ठेवली, नियमाप्रमाणे दुसऱ्या टोकाला गेला आणि पुन्हा पाळी आल्यावर तसाच आडवा फटका मारला. या वेळी चेंडू बॅटला लागला. आपल्याकडे तो पहिल्या चेंडूनंतर सीमारेषेबाहेर बसून राहिला असता.

थोड्या मोठ्या मुलांच्या सामन्यांत ठरावीक धावा झाल्या की फलंदाजाला निवृत्त व्हावे लागते. आमच्याकडे ही मर्यादा बहुतेक गटांत तीसची आहे. १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी केलेली ६६४ धावांची नाबाद भागीदारी आठवणाऱ्या मराठी माणसाला हा नियम पचणे कठीण आहे, मलाही होते. असाधारण मुलाची भूक तीस धावांवर भागत नाही हे खरेच. अशा मुलांसाठी इथे काउंटीचे वयोगटाचे संघ आहेत. पण गावच्या क्लबमध्ये बारा मुले येतात आणि त्यांपैकी अकरा असाधारण नसतात. त्या ६६४ धावा होत असताना पॅड बांधून बसून राहिलेल्या, पुढे कधीच नाव न झालेल्या मुलांचा विचार मी मुंबईत असताना कधी केला नव्हता. इथे तोच विचार नियमाच्या रूपात मांडलेला आहे आणि आता मला तो पटतो.

हे सगळे चालते ते विनावेतन काम करणाऱ्यांच्या जोरावर. मुलांच्या प्रशिक्षकांची पूर्वायुष्याची सरकारी तपासणी झालेली असते आणि बालसुरक्षेची जबाबदारी पाहणारी एक व्यक्ती क्लबमध्ये नेमलेली असते. इतक्या लहान मुलांना परक्याच्या हाती सोपवणाऱ्या पालकाला त्याचा किती धीर वाटतो हे सांगायला नको. शुक्रवारी संध्याकाळी कुणी रोलर फिरवतो, कुणी रेषा आखतो. दोन डावांमधला चहा पूर्वी यजमान क्लबने द्यायचाच असे. २०२० च्या साथीनंतर बऱ्याच लीगनी ही सक्ती काढून टाकली. आमच्याकडे सँडविच आणि केकचा चहा अजून दिला जातो, आणि तो बंद होऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण दोन्ही संघ एका टेबलाशी बसण्याची वेळ तेवढीच असते.

पैशाचा प्रश्न मात्र गंभीर आहे. वार्षिक वर्गणी, प्रत्येक सामन्याची फी, मुलाचे हेल्मेट, पॅड, बॅट आणि परगावच्या सामन्यांना न्यायला मोटार, हे सगळे प्रत्येक घराला झेपत नाही. सरकारी शाळांत क्रिकेट फार कमी उरले आहे, म्हणून ज्या मुलाला क्लब परवडत नाही त्याच्यासाठी या खेळाचे दार जवळजवळ बंदच होते. ईसीबीनेच नेमलेल्या स्वतंत्र आयोगाच्या जून २०२३ च्या अहवालात वंश, वर्ग आणि लिंग या तिन्ही बाबतींत इंग्लिश क्रिकेटमध्ये भेदभाव असल्याचे म्हटले होते आणि मंडळाने त्याबद्दल माफी मागितली. आमच्या क्लबने आता वापरलेल्या साहित्याचे एक कपाट ठेवले आहे, ज्यातून कुणीही न विचारता पॅड आणि हेल्मेट घ्यावे. सुरुवात चांगली आहे, पण वर्गणीत सवलत मागायला आजही पालकाला समितीकडे अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज न करताच काही मुले यायची थांबतात.

दुसरी गळती सोळाव्या-सतराव्या वर्षी होते. मुलांचे गट संपतात, परीक्षा आणि शनिवारच्या नोकऱ्या सुरू होतात, आणि चौथ्या संघात दर शनिवारी नवव्या क्रमांकावर खेळून कुणाचा उत्साह टिकत नाही. म्हणून समितीने ठरवले आहे की पुढच्या हंगामात महिन्यातून दोनदा रविवारी दुपारी गुणांविना स्नेहसामने भरवायचे, त्यांत निम्मे खेळाडू या वयाचे घ्यायचे आणि कर्णधारपदही त्यांच्याकडेच द्यायचे. पंच म्हणून मी नाव दिले आहे; त्यासाठीचा प्राथमिक अभ्यासक्रम या हिवाळ्यात करायचा आहे, आणि निवृत्त खजिनदारही माझ्याबरोबर येणार आहेत.