तुम्ही विचारलंत म्हणून: चॉकलेट एवढं महागाचं कशाला?

‘पूर्वी इंग्लंडहून येताना चॉकलेटची मोठमोठी पाकिटं आणायचीस, आता मोजक्याच वड्या, त्याही महागड्या. असं का गं?’ काकूंपासून भाच्यांपर्यंत सगळे विचारतात, म्हणून सविस्तर सांगते.

मी आणते त्या चॉकलेटवर फेअर ट्रेडचा शिक्का असतो, म्हणजे पिकवणाऱ्या शेतकऱ्याला रास्त भाव देण्याच्या अटींवर माल घेतल्याची खूण. चॉकलेट बनतं कोकोच्या फळांतल्या बियांपासून, आणि जगातला निम्म्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोनच देशांत पिकतो. तिथले बहुतेक शेतकरी अल्पभूधारक, घरच्या माणसांच्या जिवावर शेती करणारे. फळं कोयत्याने उतरवायची, फोडायची, गरासकट बिया केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस आंबवायच्या, मग उन्हात पसरून पुन्हापुन्हा हात फिरवत वाळवायच्या. चॉकलेटची चव तिथेच घडते. हे काम नीट जमायला जाण लागते, पण आपण दुकानात मोजलेल्या पैशांतला फार थोडा वाटा त्या घरापर्यंत पोचतो. मजूर लावणं परवडत नाही, मग पोरांच्या हाती कोयता येतो. शिकागो विद्यापीठाच्या नॉर्क संस्थेचा २०२० सालचा अहवाल सांगतो की या दोन देशांत कोकोच्या शेतीत सुमारे १५ लाख ६० हजार मुलं राबत होती. बालमजुरीची सर्वांत वाईट रूपं संपवू, असं मोठ्या कंपन्यांनी २००१ मध्येच लिहून दिलं होतं. मला या गोष्टीचा संताप येतो, आणि तो यावाच असं मला वाटतं.

एप्रिल २०१७ मध्ये जागतिक बाजार कोसळला आणि आयव्हरी कोस्टच्या सरकारने शेतकऱ्याचा भाव किलोला तिथल्या ११०० फ्रँकवरून ७०० वर आणला. कांद्याचा भाव पडल्यावर नाशिककडच्या घरांत काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. अशा वेळी फेअर ट्रेडचा हमीभाव कामी येतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये तो टनाला २४०० डॉलर झाला. बाजार त्याखाली गेला तर फरक खरेदीदाराने सहकारी संस्थेला द्यायचा. वर टनामागे २४० डॉलर वेगळे ठरले. ते कुठे खर्चायचे, विहिरीवर, शाळेवर की सभासदांना रोख वाटायचे, हे संस्थेचे सभासद ठरवतात. घानातली कुआपा कोकू ही १९९३ मध्ये उभी राहिलेली शेतकऱ्यांची संस्था तर १९९८ मध्ये निघालेल्या एका ब्रिटिश चॉकलेट कंपनीत भागीदारच झाली. सहकार बघत वाढलेल्या आपल्या माणसांना यातली ताकद लगेच कळेल.

या शिक्क्याने सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही. हमीभाव मिळूनही अनेक घरांचं भागत नाही, आणि शिक्का असलेल्या संस्थांच्या गावांतही मुलं कामावर सापडलेली आहेत. शिवाय अशा संस्थांचा सगळा माल फेअर ट्रेडच्या अटींवर खपत नाही. तेवढं गिऱ्हाईकच नसतं. उरलेला माल साध्या बाजारात, मिळेल त्या भावाने जातो.

ते गिऱ्हाईक वाढावं म्हणून मी हेच घेते. चार कमी आणते, पण हेच आणते. आणि काकू, तुमची कडू चॉकलेटची वडी वेगळी ठेवलेली असते, ती भाच्यांना देऊ नका.