आईची बीपीची गोळी आणि माझी पांढरी पावडर

मागच्या महिन्यात साताऱ्याला गेले तर आईचं बीपी 168 वर 100. गोळी घेतलीस का विचारलं तर आधी बोलेचना, मग फ्रीजवरची पट्टी काढून पुढ्यात ठेवली, नऊ गोळ्या तशाच. भिशीच्या ग्रुपवर कोणीतरी मेसेज टाकलेला, गोळीवरचा पांढरा रंग म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, युरोपात बंदी, कॅन्सर होतो, दहा जणांना पाठवा. आईने चष्मा लावून पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचलं, तिथं खरंच तसं छापलेलं, झालं, गोळी बंद. मला फोन का नाही केलास म्हटलं तर म्हणे, तू त्या पावडरीचीच ना गं, तू काय तिला नावं ठेवणारेस.

आता हे खोटं नाही. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी वर्षभर तीच पावडर बनवत होते. टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड नावाचा एक द्रव असतो, हवेतल्या ओलाव्याशी लगेच रिॲक्शन होते त्याची आणि टायटॅनियम डायऑक्साइड बनायला लागतं, त्यामुळे साताऱ्याच्या जुलैमध्ये बाटलीचं झाकण उघडलं की तोंडाशी पांढरी पापडी धरलीच म्हणून समजा. मग जेल करायचं, वाळवायचं, 450 डिग्रीला भट्टीत भाजायचं, आणि शेवटी हातात येते चिमूटभर पांढरीशुभ्र पावडर, पिठीसाखरच जणू. पण एकेक कण 20-30 नॅनोमीटरचा, म्हणजे एका केसाच्या जाडीत दोन-तीन हजार शेजारी शेजारी बसतील.

तिची खरी गंमत कॉलेजच्या गच्चीवर. मेथिलीन ब्लू नावाचा निळा रंग पाण्यात घालायचा, कपड्यांच्या निळीसारखं दिसतं ते, त्यात पावडर टाकून उन्हात ढवळत ठेवायचं, दोन-तीन तासांत पाणी पांढरट. उन्हातली अतिनील किरणं पडली की पावडरीतला इलेक्ट्रॉन उडी मारून वर जातो, खाली रिकामी जागा उरते, आणि हे दोघं मिळून पाणी आणि ऑक्सिजनपासून हायड्रॉक्सिल रॅडिकलसारखी अत्यंत भांडखोर पोरं तयार करतात जी समोर येईल त्याचे तुकडे करतात, रंग असो नाहीतर बॅक्टेरियाचं आवरण. 1972 मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं तिथून हे सगळं सुरू झालं. उन्हापावसात स्वतःच साफ होणाऱ्या काचा निघाल्या त्या ह्याच करामतीवर.

पण हे ऐकून आई म्हणाली, म्हणजे पोटात पण तुकडे करणार की. बरोबर शंका आहे, मला तर आवडली. फक्त पोटात ऊन नाही ना. उन्हाशिवाय ही उडी होत नाही. (अंधारात पण पेशींना त्रास दिल्याचे प्रयोग आहेत, सूज येणं, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे अशाच भांडखोर पोरांचा पेशीवर ताण वगैरे, पण बशीतल्या पेशींवर थेट ओतलेल्या पावडरीचे, आणि पोटात गेलेल्यातलं रक्तात उतरतं फारच थोडं, बाकी सकाळी बाहेर.)

आणि गोळीवरची पावडर माझ्यासारखी नाही. रंगासाठी कण लागतो 200-300 नॅनोमीटरचा, त्या साइजला तो दिसणारा उजेड सगळ्यात जास्त विखुरतो, प्रकाश वाकवायच्या बाबतीत तर हिऱ्याला मागे टाकतो, म्हणून भिंतीच्या रंगात आणि टूथपेस्टमध्ये हाच. त्याचाच कण 20-30 वर आणून क्रीममध्ये सुटा सुटा पसरला की पांढरेपणाच जातो, उजेड आरपार, पण अतिनील किरणं अडतात, म्हणून सनस्क्रीनमध्ये घालतात आणि तोंड पूर्वीच्या क्रिकेटरांच्या नाकासारखं पांढरंफट्ट होत नाही. मात्र खाण्याच्या रंगाच्या पावडरीत, डब्यावर जिचा नंबर ई 171 असा छापतात तिच्यात, सगळे कण मोठे नसतात, संख्येने मोजले तर निम्म्याच्या जवळपास 100 नॅनोमीटरच्या खाली असू शकतात, आणि युरोपचं भांडण तिथंच आहे.

भांडण नीट सांगते कारण मेसेजवाल्याने अर्धंच सांगितलंय. फ्रान्सने 2020 पासून खाण्यात बंद केलं. 2021 ला युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने म्हटलं की डीएनएला धोका नाहीच असं आम्ही खात्रीने म्हणू शकत नाही, म्हणून 2022 ला अख्ख्या युरोपियन युनियनमध्ये खाण्यातून बाहेर. धोका आहे असं सिद्ध झालं म्हणून नाही, नाही हे सिद्ध होईना म्हणून. अमेरिकेत पदार्थाच्या वजनाच्या 1 टक्क्यापर्यंत चालतं, आणि 2023 ला जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ म्हणजे संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना यांच्या समितीने तर मर्यादा ठरवायची गरज नाही असं सांगितलं. औषधात युरोपनेही चालू ठेवलं, कारण काढलं तर गोळ्यांचा तुटवडा पडेल. गोळीवरचा थर नुसता शोभेचा नसतो, काही औषधं उजेडात खराब होतात, निफेडिपिन हे बीपीचंच औषध त्यातलं, त्यांना हा थर सावली देतो. आणि तो असतो किती, जेमतेम मिलिग्रॅमच्या आसपास.

मला स्वतःला भीती वाटते ती श्वासाची. कॅन्सरवाली जी बातमी फिरते ती उंदरांच्या फुप्फुसांची, त्यांना प्रचंड धूळ हुंगवली, फुप्फुसं साफ करणाऱ्या पेशी थकल्या आणि गाठी आल्या, त्यावरून 2006 मध्ये आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, 2बी गटात टाकलं, म्हणजे माणसात कॅन्सर कदाचित होऊ शकेल. युरोपने लावलेलं पावडरीवरचं कॅन्सरचं लेबल मात्र 2022 ला तिथल्याच कोर्टाने रद्द केलं. तरी कोरडी पावडर उडवत बसायची नाही. आमच्या लॅबचा धूर ओढणारा पंखा सहा महिने बंद होता, अर्ज केले, कोणी ढुंकून बघितलं नाही, आणि मी नाकाला ओढणी बांधून चमच्याने पावडर वजन करायचे. ओढणीने 20 नॅनोमीटर काय अडतंय! आईच्या गोळीपेक्षा ते दहापट वाईट होतं हे मी तिला तेव्हा सांगितलंच नव्हतं, आता सांगितलं, तर शिव्या मलाच.

कातडीचं सोपंय. धडधाकट कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातच सनस्क्रीनचे कण अडकतात, शिवाय रॅडिकल कमी व्हावेत म्हणून त्यांना सिलिका नाहीतर ॲल्युमिनाचं कवच चढवलेलं असतं. क्रीम लावा, स्प्रे टाळा. तासगावचा मावसभाऊ विचारत होता द्राक्षाला नॅनो टायटॅनियम मारू का, दुकानदार म्हणतोय पान हिरवंगार होतं. पालकावर चीनमध्ये 2005 ला चांगले निकाल आले होते खरे, पण दुसऱ्या पिकांवर उलटेही आलेत, डोस आणि उन्हावर सगळं अवलंबून. त्याला म्हटलं बाटलीवर कणाचा साइज आणि टक्केवारी लिहिलीय का बघ. नव्हती. मग ठेव म्हटलं.

बाकी टायटॅनियम म्हणजे परकं काही नाही, अजिंक्यताऱ्याच्या काळ्या दगडात पण डायऑक्साइडच्या हिशोबाने दोन-तीन टक्के निघेल, फक्त लोखंडाबरोबर बांधलेलं म्हणून काळं. हे सांगितल्यावर आई म्हणाली, मग किल्ला चाटू का?

गोळी त्याच रात्री सुरू झाली. मेसेजमुळे नाही आणि माझ्यामुळेही नाही, डॉक्टरांनी फोनवर झापलं म्हणून. आठ दिवसांनी 134 वर 86. पण वाचायचं वेड काही गेलेलं नाही. परवा भाचीच्या वाढदिवसाचं सामान आणायला गेली आणि दुकानातूनच फोन, अगं केकवरच्या त्या पांढऱ्या मोत्यांच्या डबीवर 171 लिहिलंय, घेऊ का?

म्हटलं, ते नको घेऊस.